नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि क्लॅप्टनचा फोटो

सहा तारा (धागाकर्ता)

नौपाड्यात माझा गिटारचा क्लास आहे. जुनी इमारत, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली, खाली फरसाणवाला. भिंतीवर तीन गिटारवाल्यांचे फोटो: जिमी हेंड्रिक्स, बी. बी. किंग आणि इंग्लंडचा एरिक क्लॅप्टन. क्लॅप्टनचा सगळ्यात मोठा, कारण त्याच्या मागे भिंतीला ओल आहे.

गेल्या शनिवारी यंदाच दहावी झालेली एक विद्यार्थिनी गिटार सुरात लावता लावता म्हणाली, "सर, परदेशी लोकांना हाकलून द्या असं हाच स्टेजवरून म्हणाला होता ना? मग याचा फोटो आपल्याकडे कशाला?"

"आधी तुझी तिसरी तार बघ, उतरलीये," असं म्हणून मी वेळ मारून नेली. खोटं कशाला बोलू, राग आला होता. चार वर्षं तिला जे शिकवतोय त्यातलं निम्मं मी याच माणसाचं ऐकून ऐकून उचललंय.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ५ ऑगस्ट १९७६, बर्मिंगहॅमचं ओडियन थिएटर. क्लॅप्टन दारू पिऊन स्टेजवर आला आणि गाण्यांच्या मधे बरळत सुटला. स्थलांतरितांच्या विरोधात बोलणारा राजकारणी इनॉक पॉवेल, त्याला मतं द्या, ब्रिटन गोऱ्यांचं राहू द्या, काळ्यांना आणि बाकीच्यांना बाहेर काढा, आणि वर शिव्या. हे ऐकून चिडलेल्या काही जणांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिलं, त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली.

माझं मत विचाराल तर हात वेगळे आणि तोंड वेगळं. तार बोटाने वर ढकलून सूर चढवायचा, त्याला आम्ही बेंड म्हणतो, आपल्या मींडेचा चुलतभाऊच. तो क्लॅप्टनसारखा कसा घ्यायचा हे मी शिकवतो. त्याने मत कुणाला द्यायला सांगितलं ते नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात ते उगाच नाही.

तुम्हाला काय वाटतं? फोटो ठेवू की काढू?

घोडबंदरचा ट्रॅफिक

ठेवा हो. हल्लीच्या मुलांना इंटरनेटवर पन्नास वर्षांपूर्वीचं काहीतरी सापडतं आणि लगेच फोटो उतरवा.

लांब कशाला जाता, आपल्याच ठाण्यात हिरानंदानी मेडोजला डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह आहे. त्यांची दारू आणि लहरीपणा हे काही गुपित नाही, पत्नीनेच पुस्तकात लिहून ठेवलंय. पण माझे वडील 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला त्यांचा संभाजी आठवला की आजही जेवता जेवता थांबतात. 'बोले तैसा चाले त्याची वंदावी पाउले' हा नियम कलावंतांना लावायला गेलात तर पाट्या लावायला माणसं उरणार नाहीत.

नेरुळची काकू

घाणेकरांची तुलना पटली नाही. त्यांच्या दारूने त्यांचं स्वतःचं, घरच्यांचं आणि फार तर निर्मात्याचं नुकसान झालं. त्यांनी रंगमंचावर उभं राहून प्रेक्षकांतल्या कुणाला "तू या गावातून चालता हो" म्हटलं नव्हतं.

माझे एक मामा १९६४ साली कॉव्हेंट्रीला गेले, ओतकामाच्या कारखान्यात. आजीला त्यांची निळी एअरोग्रामची पत्रं यायची, ती अजून आमच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. एकात लिहिलंय, "रात्रपाळीहून सुटल्यावर बसने येत नाही, चालत येतो. स्टॉपवर पोरं उभी असतात." बास, एवढंच. पुढे लगेच स्वेटर मिळाला, कैऱ्यांचं लोणचं संपलं वगैरे. पॉवेलने १९६८ मध्ये बर्मिंगहॅमला ते कुप्रसिद्ध भाषण केलं, ते अशाच लोकांविरुद्ध. आणि क्लॅप्टन बरळला त्याच्या दोनच महिने आधी, जून १९७६ मध्ये, लंडनजवळ साउथॉलला गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाला भोसकून मारलं होतं. तेव्हा हे हवेतलं बोलणं नव्हतं, सर. तुमच्या विद्यार्थिनीने "परदेशी लोक" म्हटलं, पण ते परदेशी म्हणजे आपणच.

बेसुरा

गिटारला आवाज, गिटारवाल्याला म्यूट. विषय संपला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चरईकर

काकूंना +१.

सर, तुमचं 'हात वेगळे, तोंड वेगळं' इथे लागूच पडत नाही. या माणसाचे हात आले कुठून? ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. रॉबर्ट जॉन्सनला क्लॅप्टन स्वतः गुरुस्थानी मानतो. १९७४ मध्ये त्याचं जे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, 'आय शॉट द शेरिफ', ते जमैकाच्या बॉब मार्लीचं. म्हणजे १९७४ ला मार्लीच्या गाण्यावर टाळ्या घ्यायच्या आणि १९७६ ला मार्लीसारख्यांनाच परत पाठवा म्हणायचं. याला आपल्याकडे खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात. तुमच्या भिंतीवर शेजारीच काळा ब्लूजवाला बी. बी. किंग आहे. त्याला विचारा.

सहा तारा (धागाकर्ता)

@चरईकर, बी. बी. किंगने २००० साली याच क्लॅप्टनबरोबर अख्खा अल्बम केला. तेव्हा त्याला विचारून झालंय.

@काकू, पत्राचं वाचून गप्प बसलो जरा वेळ. पण दुसरी बाजूही मांडतो. माणूस तेव्हा दारूत बुडालेला होता, त्याच्या आधी हेरॉइन. १९८७ पासून त्याने दारू सोडली ती सोडलीच. १९९१ मध्ये चार वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कमध्ये ५३ व्या मजल्यावरून पडून गेला, तरी परत प्यायला नाही. १९९८ मध्ये अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र काढलं आणि त्यासाठी स्वतःच्या गिटारी लिलावात काढल्या. 'ब्राउनी' १९९९ मध्ये ४,९७,५०० डॉलरला गेली, 'ब्लॅकी' २००४ मध्ये ९,५९,५०० डॉलरला. गिटारवाल्यांना कळेल, ब्लॅकी विकणं म्हणजे काय. १९७६ च्या प्रकाराची आपल्याला शरम वाटते, असंही २०१८ मध्ये बोलला. वाल्याचा वाल्मीकी आपण मानतो ना?

नेरुळची काकू

मानतो. पण वाल्या वारूळ अंगावर चढेपर्यंत बसला होता. यांना शरम वाटते म्हणायला बेचाळीस वर्षं लागली आणि मधल्या काळात मुलाखतींतून पॉवेलची बाजू घेणं चालूच होतं. दारू उतरल्यावरसुद्धा. दारूने जीभ सैल होते, मत कुठून तयार होतं?

व्यसनमुक्ती केंद्राचं मात्र मनापासून कौतुक. ते खरंच केलं त्यांनी.

घोडबंदरचा ट्रॅफिक

आता कुणीतरी २०२१ चं लशीचं प्रकरण काढेल. जिथे लस घेतलेल्यांनाच आत सोडतात तिथे मी वाजवणार नाही, असं म्हणाला होता.

बेसुरा

काढलंत की तुम्हीच.

पामबीच १९९१

अवांतर होईल, पण मी गन्स अँड रोझेस या रॉक बँडवाला. २०१२ ला बीकेसीला गेलो होतो, मे २०२५ ला महालक्ष्मीलाही. तेव्हा त्यांचा गायक अ‍ॅक्सल रोझ याच्याबद्दल माझ्यासमोर कुणी बोलायचं नाही असं बायकोला बजावून ठेवलंय. तरी सांगतो, जुलै १९९१ मध्ये सेंट लुईसला प्रेक्षकांत कुणी कॅमेरा घेऊन बसलाय म्हणून हा स्टेजवरून खाली उडी मारून त्याच्यावर गेला, मग वाजवणंच सोडून निघून गेला आणि दंगल झाली. डझनांनी माणसं जखमी. आणि १९८८ चं त्यांचं एक गाणं आहे, काळे, स्थलांतरित, समलिंगी, सगळ्यांना शिव्या असलेलं. २०१८ मध्ये जुन्या रेकॉर्डिंगचा मोठा संच काढला तेव्हा बँडने ते गाणं त्यातून गुपचूप गाळलं.

हे गुपचूप गाळणं मला जास्त खुपतं. तेराव्या वर्षी मी ते गाणं तोंडपाठ केलं होतं, अर्थ न कळता. माझ्या डोक्यातून ते कोण गाळणार?

वाशी खाडी

सगळे क्लॅप्टनवर घसरलेत. मी त्याच्याच 'लैला'बद्दल लिहितो, कारण हा धागा मला दोन दिवस झोपू देत नाहीये.

१९७० चं गाणं. पहिला अर्धा भाग गिटारचा, दुसरा अर्धा पियानोचा, शांत, लांबलचक. त्या पियानोच्या तुकड्यामुळे गाण्यावर दुसरं नाव लागलं, ड्रमर जिम गॉर्डनचं. त्या काळातला सर्वांत मागणी असलेल्या ड्रमरांपैकी एक. त्याला आवाज ऐकू यायचे, त्यात आईचाही. जून १९८३ मध्ये त्याने आईला ठार मारलं. स्किझोफ्रेनिया होता हे कोर्टाने मानलं, तरी शिक्षा झाली आणि मार्च २०२३ मध्ये तो कैदेतच वारला. गंमत म्हणावी की काय, क्लॅप्टनच्या 'अनप्लग्ड'मधल्या 'लैला'ला १९९३ मध्ये ग्रॅमी मिळालं, ते गीतकार म्हणून तुरुंगातल्या गॉर्डनलाही. त्या अनप्लग्ड 'लैला'त पियानोचा तुकडाच नाहीये.

माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे. ठाण्यात वाढलो असल्यामुळे "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद मी शाळेपासून ऐकतोय, नवी मुंबईत आल्यावरही सुटला नाही. भाऊ हार्मोनियम सुंदर वाजवतो. गोळ्या चुकल्या की घरातल्या सुऱ्या आई तांदळाच्या डब्यात लपवते. परवा त्याने भूप वाजवला तेव्हा आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, तिचा हात त्या डब्याच्या झाकणावर होता. त्यामुळे वागणूक, स्वभाव आणि आजार हे तिन्ही एकाच पोत्यात घालू नका, एवढीच विनंती. क्लॅप्टन आजारी नव्हता. गॉर्डन होता.

नेरुळची काकू

तुमचं वाचून डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा.

चरईकर

वाशी खाडी, फार मनापासून लिहिलंय तुम्ही. पण 'लैला'ची गोष्ट तुम्ही एक पायरी आधी थांबवलीत.

तो पियानोचा तुकडा मुळात आपला आहे असं गायिका रिटा कूलिज सांगत आली आहे. ती तेव्हा गॉर्डनची मैत्रीण. दोघांनी मिळून एक गाणं रचलं होतं, क्लॅप्टनला ऐकवलंही होतं. पुढे 'लैला' आलं तेव्हा तिच्या सुरावटीवर तिचं नाव नव्हतं. विचारणा केली तर दाद मिळाली नाही. आणि १९७० च्या दौऱ्यात याच गॉर्डनने हॉटेलच्या पॅसेजमध्ये तिला जबर मारलं होतं. २०१६ च्या आत्मचरित्रात तिने हे सगळं लिहिलंय. म्हणजे ज्याला आपण 'त्याची प्रतिभा' म्हणून वागणुकीपासून वेगळी काढायला बसलोय, ती त्याचीच होती का, हे ठरलं वागणुकीवरून. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव लागलं. वेगळं काय काढायचं मग? दूध आणि पाणी असतं तर राजहंस बोलावला असता.

सहा तारा (धागाकर्ता)

कूलिजचं मला खरंच माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं वाजवतोय. लाज वाटली.

घोडबंदरचा ट्रॅफिक

असं प्रत्येक गाण्याचं खणत बसलो तर ऐकायचं कधी? मी ऑफिसमधून घरी येताना गायमुखला दीड तास अडकतो, तेवढाच वेळ माझा असतो. गाडीत 'लैला' लागलं की पियानोच्या जागी मी खिडकीची काच वर करतो, हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून. उद्या तिथे मला रिटाबाई आठवणार. झालं समाधान?

चरईकर

आठवू देत की. गाणं काही बंद पडत नाही त्याने.

पामबीच १९९१

सर, फोटोचं काय झालं शेवटी?

सहा तारा (धागाकर्ता)

शनिवारी तिलाच विचारलं, "काढू का?" म्हणाली, "मी काढा कुठे म्हटलं, सर? का लावलाय ते विचारलं होतं. तुम्ही सांगितलंच नाहीत." मग खाली बसून सगळं सांगितलं, बर्मिंगहॅम, मार्ली, ब्लॅकी, काकूंच्या मामांचं पत्र, रिटा कूलिज. तासाची पंचेचाळीस मिनिटं त्यात गेली. शेवटी म्हणाली, फोटो ठेवा, पण नव्या येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायचं, आम्ही विचारायची वाट बघायची नाही. आणि पियानोचा तो तुकडा तिला गिटारवर बसवून हवाय. सी मेजरमध्ये आहे, बसेल. तिच्या वहीत वरती तिने रिटाचं नाव लिहिलंय, माझ्या देखत, पेनाने.

मला स्वतःला अजून ठरवता आलेलं नाही. काकूंचं पत्र वाचल्यापासून त्या फोटोकडे पाठ करून बसतो, म्हणजे मुलांच्या तोंडासमोर फोटो आणि माझ्या समोर दार.

रविवारी एक नवे पालक आले होते, मुलाचं नाव घालायला. कबूल केल्याप्रमाणे त्यांना १९७६ पासून सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मे महिन्यात क्लास बंद असतो, तर त्या महिन्याची फी घेता का?