पणजीचा पिनकोड ४०३००१ मूळ संख्या आहे हे हातानं कसं दाखवायचं?

सांतिनेजची बाई
आठवीच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्या पिनकोडला कशानंच भाग जात नाही का?" तेव्हापासून वर्ग मागे लागलाय. मडगावच्या ४०३६०१ ला ११ नं भाग जातो, फोंड्याच्या ४०३४०१ ला ३ नं, वास्कोचा ४०३८०२ तर समच. म्हापशाच्या ४०३५०७ नं जरा दमवलं, पण १३ नं गेला. पणजीचा काही हलत नाही. वर्गमूळ ६३४ च्या थोडं पुढे, म्हणजे ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून बघायचं! संगणकाचं उत्तर नको आहे, मुलांना स्वतःला पटेल अशी रीत हवी.

म्हापसेकर
बाई, ४०३ = १३ × ३१. म्हणून गोव्यातल्या ४०३ नं सुरू होणाऱ्या कुठल्याही पिनकोडला १३ किंवा ३१ लावताना शेवटचे तीनच अंक बघा. आमचे ५०७ म्हणजे १३ × ३९. तुमचे ००१, दोन्हींनी बाकी १. दोन भागाकार तरी वाचले.

फोंड्याचा निवृत्त मास्तर
भागाकार सोडाच, वर्ग वापरा. ४ नं भागून १ उरणारी संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता आली, आणि त्या दोन संख्यांत सामाईक अवयव नसला, तर ती मूळ असते. हे गणिती ऑयलरचं. ६५ बघा: ८² + १² आणि ७² + ४², दोन प्रकार, म्हणून ती फुटते, ५ × १३.

आता ४०३००१. वर्गाला ५ नं भागलं की बाकी ०, १ किंवा ४. बेरजेत १ उरायला हवा, म्हणजे दोघांपैकी एक ५ च्या पाढ्यातला. त्याचा वर्ग २५ नं जातो, म्हणून दुसऱ्याच्या वर्गाला २५ नं भागून १ उरतो. तो दुसरा २५ च्या पटीला (० धरून) लागूनच असणार: १, २४, २६, ४९, ५१... ३ नं भागून बाकी २, म्हणून ३ च्या पाढ्यातले दोघेही नाहीत. ८ नं भागून बाकी १, म्हणून जो सम तो ४ च्या पाढ्यातलाच. चाळून उरतात फक्त पंचवीस. प्रत्येकाचा वर्ग वजा करून बघा. एकच जमतो, ३०० च्या शेजारचा:

२९९² + ५६०² = ८९४०१ + ३१३६०० = ४०३००१

मला हे फार देखणं वाटतं.

सांतिनेजची बाई
मास्तर, किती छान! पंचवीस वजाबाक्या पाच गटांत वाटते. एक शंका: ४५ = ६² + ३², हाही एकच प्रकार. मग?

फोंड्याचा निवृत्त मास्तर
६ आणि ३ मध्ये ३ सामाईक आहे ना! २९९ = १३ × २३, आणि ५६० मध्ये फक्त २, ५, ७. सामाईक काही नाही. ती अट फळ्यावर आधी लिहा, मुलं नेमकी तीच विसरतात.