‘पैसा वस्तीतच आहे, फक्त इच्छा हवी’ या पोस्टला उत्तर

खतावणी (धागाकर्ता)

काल इथे एक पोस्ट बरीच फिरली. म्हणणं असं: चाळीस घरांनी बचतगट करून महिन्याला तीनशे रुपये काढावेत, त्यातूनच घरदुरुस्तीला तीस-तीस हजारांची कर्जं द्यावीत, व्याज महिना एक टक्का, आणि सरकारी योजनेची, बँकेची वाट बघणं सोडून द्यावं. शेवटचं वाक्य, ‘पैसा वस्तीतच आहे, फक्त इच्छा हवी.’

या वाक्याने डोकं फिरलं. ज्यांची छपरं गळतात त्यांना इच्छा नाही, असा त्याचा अर्थ होतो. प्रश्न हिशेबाचा आहे, तर हिशेबच मांडतो. ४० घरं गुणिले ३००, महिन्याला १२,०००. पहिलं कर्ज तिसऱ्या महिन्यात निघतं. २४ हप्ते, घटत्या शिलकेवर महिना एक टक्का, म्हणजे हप्ता १,४१२ रुपये. आलेला प्रत्येक हप्ता लगेच पुन्हा फिरवला, कोणी बचत काढून घेतली नाही, एकही हप्ता चुकला नाही, असं धरलं तरी पहिल्या वर्षात पाचच घरांना कर्ज मिळतं. चाळिसाव्या घराची पाळी यायला तीन वर्षांहून जास्त काळ जातो. तोवर त्या घराने दहा हजारांच्या वर भरलेले असतात आणि पाणी भांड्यात टिपकतच असतं. गट फुटतात ते इथे. चोरी होऊन फुटणारे थोडे. पाळी न आलेला माणूस भरणं थांबवतो.

दुसरं म्हणजे पावसाळा. छपराच्या कर्जाची मागणी वर्षभर सारखी नसते. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच पत्रे बदलायचे असतात, आणि नेमकी त्याच वेळी पेटी रिकामी असते, कारण जानेवारीत पैसे लग्नाला गेलेले असतात. घरदुरुस्तीचा निधी वेगळ्या खात्यात न ठेवणारा गट मे महिन्यात हमखास अडकतो.

बाहेरचं भांडवल लागतंच. थायलंडमध्ये २००३ साली सुरू झालेल्या ‘बान मनकाँग’ या सरकारी वस्तीसुधार कार्यक्रमाने हेच केलं. कर्ज वस्तीच्या सहकारी संस्थेला एकगठ्ठा, घरटी वाटप आणि वसुली संस्थेने करायची, आणि संस्थेने वर थोडा दर लावून थकबाकीसाठी गंगाजळी ठेवायची. बचत तिथेही आधी लागतेच. पण ती पात्रता म्हणून, अख्खं भांडवल म्हणून नाही.

एकजूट

ती पोस्ट माझीच. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण एक गोष्ट त्यात नाही. सगळी घरं तीस हजार मागत नाहीत. चार पत्रे आणि दोन वासे बदलायचे, मोरीचा कोबा नव्याने घालायचा, दार खाली कुजलंय ते बदलायचं, ही कामं कितीतरी कमी पैशांत होतात. सहा महिन्यांच्या छोट्या कर्जावर पैसा चौपट वेगाने फिरतो. पाळी पहिल्याच वर्षात अर्ध्या वस्तीपर्यंत पोचते.

आणि बँक, बँक काय करता? सातबारा किंवा मालमत्ता पत्रक नसलेल्या घरावर गृहकर्ज कोण देतं? मग उरतात मायक्रोफायनान्सवाले आणि सावकार. कित्येक खासगी सावकार अजूनही ‘फक्त बारा टक्के’ म्हणून सपाट दराने देतात. तीस हजारांवर दोन वर्षांत ७,२०० व्याज, हप्ता १,५५०. मुद्दल दर महिन्याला कमी होतंय आणि व्याज मात्र पूर्ण तीस हजारांवर. घटत्या शिलकेने मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. गटाच्या एक टक्क्याने तेच व्याज ३,९०० च्या आत राहतं. हा फरक वस्तीतच राहतो, हे तरी मान्य करा.

खतावणी

फरक मान्य. छोट्या कर्जांचा मुद्दाही मान्य, पण तो पोस्टमध्ये नव्हता. पोस्टमध्ये तीस हजार होते.

तिसरा_हप्ता

दोघेही एकाच टोकाला उभे आहात. गटाच्या निधीची खरी जागा सरकारी अनुदान आणि काम यांच्या मधल्या फटीत आहे. प्रधानमंत्री आवास (शहरी) मध्ये स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख. पण ते टप्प्याटप्प्याने येतात. आधी बांधा, मग जागेवरून जिओटॅग केलेला (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो चढवा, मग हप्ता. म्हणजे जोत्यापर्यंतचा खर्च घरच्यानेच उभा करायचा. तो जमला नाही की जुनं घर पाडलेलं, नवं जोत्यावर अडकलेलं, आणि कुटुंब भाड्याच्या खोलीत. भाडं धरून हिशेब कुणीच करत नाही.

इथे गटाने सहा महिन्यांचं पुलाचं कर्ज, म्हणजे अनुदान येईपर्यंत भागवणारं, द्यावं आणि अनुदान ज्या खात्यात येणार त्याचं पासबुक दर बैठकीत बघावं. परतफेड ठरलेली, मुदत छोटी. पुण्यात येरवड्याला जुन्या बीएसयूपीमध्ये (शहरी गरिबांच्या घरांची केंद्राची योजना) वस्ती न हलवता जागच्या जागी २७० चौरस फुटांची घरं झाली. तीन लाखांचं घर, केंद्र ५० टक्के, राज्य ३०, पालिका १०, आणि उरलेले १० टक्के कुटुंबाचे. ते तीस हजार एकरकमी काढणं हीच अनेकांची अडचण असते. बचतगटाचं काम तिथे आहे.

गवंडीकाम

पैशांची चर्चा छान चालली आहे. पण दुरुस्तीच्या नावाखाली गट कशाला कर्ज देतात ते कुणी बोलत नाही. अर्जावर ‘घरदुरुस्ती’ आणि प्रत्यक्षात वरचा मजला. खालची भिंत चार इंची, एका विटेच्या आडव्या रुंदीची. पाया दीड फूट, तोही भरावावर. त्या भिंतीत खाच मारून लोखंडी गर्डर घुसवतात, गर्डरखाली वजन पसरवणारा काँक्रीटचा ठोकळा, बेड ब्लॉक, तोही नसतो, वर लादी टाकतात आणि पुन्हा चार इंची भिंत. सगळं वजन गर्डरच्या टोकाखालच्या दोन-तीन विटांवर. पहिला तडा तिथून तिरका खाली उतरतो, आणि लोक तो पुट्टीने भरतात. माझं स्पष्ट मत: निधीतून माळ्याला एक पैसाही देऊ नये.

ओटा

म्हणजे दहा बाय पंधराच्या खोलीत सात माणसांनी तसंच राहायचं? तुम्हाला तडा दिसतो. मोठी होत चाललेली मुलगी कपडे कुठे बदलते ते दिसत नाही. लोक माळा हौसेने चढवत नाहीत. खालचं घर विकून लांब जायचं तर काम सुटतं. गटाने नाही दिले तर सावकाराकडून घेतील, आणि मग कसलीच तपासणी होणार नाही. बंदी घालून काम थांबत नाही, फक्त तुमच्या नजरेआड जातं.

गवंडीकाम

नजरेआड गेलेल्या कामाची जबाबदारी गटावर नसते. गटाने पैसे दिले, माळा शेजारच्या घरावर कोसळला, तर ठरावावर सह्या कुणाच्या? गटातल्या बायकांच्याच. शिवाय मुंबईत झोपडीच्या उंचीला १४ फुटांची मर्यादा आहे. त्यावर गेलं की नोटीस. पाडकामात माळा जातो, हप्ता राहतो.

ओटा

त्याच १४ फुटांत बसणारा मार्ग वस्तीतल्या बायकांनीच काढला होता. ऐंशीच्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ‘महिला मिलन’ या आपल्या संघटनेतून स्वतःच्या घराचा आराखडा मांडला. एकच खोली, पण उंची १४ फूट आणि आत अर्ध्या भागावर माळा. खाली स्वयंपाक, वर झोपणं. पूर्ण मापाचं घर उभं करून लोकांना दाखवलं. तुमच्या ‘एक पैसाही नाही’मध्ये हे बसतं का?

गवंडीकाम

आतला माळा आणि वरचा मजला यांत फरक आहे. आतल्या माळ्याला माझा विरोध नाही, फक्त तो भिंतीवर टेकवू नका. चार कोपऱ्यांत लोखंडी खांब, खाली बेसप्लेट, आणि ती प्लेट फरशीवर नाही तर वेगळ्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर. वर चॅनेल आणि सिमेंट बोर्ड. नट-बोल्टचं काम असेल तर घर बदलताना सोडवून नेता येतं. शिडी दाराच्या वाटेत नको, आग लागली की तीच आडवी येते.

ओटा

मग हे पहिल्या प्रतिसादात लिहायला काय झालं होतं? ‘एक पैसाही देऊ नये’ वाचून एखाद्या गटाने उद्या ठराव केला असता.

गवंडीकाम

शब्द कडक होते, मान्य करतो. पण पक्क्या मजल्याबाबत मागे हटणार नाही. तो हवाच असेल तर जुन्या भिंतीचा आधार सोडून स्वतंत्र आरसीसी चौकट लागते. घट्ट जमीन लागेपर्यंत खड्डा, पायाच्या फूटिंगला ५० मिमी कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर), कॉलमला ४०, किमान चार सळया १२ मिमीच्या, त्यांच्याभोवतीच्या रिंगांची टोकं १३५ अंशांत आत वळवलेली. ९० अंशांत वाकवलेली रिंग भूकंपात उघडते. सिमेंट, वाळू, खडी यांचं नाममात्र मिश्रण १:१.५:३, आणि ५० किलोच्या गोणीमागे पाणी ३० लिटरच्या वर नको. मिस्त्री पाइप सोडून देतो, कारण पातळ माल पसरवायला सोपा. तोच स्लॅब पुढे खालून पोपडे टाकतो आणि सळई दिसायला लागते. सात दिवस पाणी मारणं हे कमीत कमी, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा. नळाला पाणी अर्धा तास येणाऱ्या वस्तीत हे क्युरिंग कोण करणार? कर्ज मंजूर करताना हा प्रश्न विचारा.

एकजूट

धागा निधीचा होता आणि आपण सळईवर आलो. पण यातून एक सुचतं. कर्ज एकरकमी देऊच नये. तीन टप्पे करावेत आणि प्रत्येक टप्प्याला गटातल्या दोघींनी जागेवर जाऊन बघावं. पैसे कर्जदाराच्या हातात देण्याऐवजी सामान थेट दुकानातून गटाने घ्यावं. पाच-सहा घरांचं एकत्र घेतलं तर दरही खाली येतो.

खतावणी

एकत्र खरेदीत सिमेंट मात्र धरू नका. तीन महिन्यांवर पडलेल्या गोणीची ताकद उतरते, आणि दमट खोलीत त्याहूनही लवकर. ठेवायचंच असेल तर फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर, आणि आधी आलेली गोणी आधी. पत्रे, पाइप, दारं एकत्र घ्या, ती खराब होत नाहीत.

टप्प्यांचं ठीक आहे. पण तपासणाऱ्या दोघींना नेमकं काय बघायचं हे कागदावर नसेल तर त्या जाऊन चहा पिऊन येतील.

ओटा

चहा पिऊन येतील हे बरं बोललात. वह्या त्याच लिहितात, वसुली त्याच करतात, आणि बांधकाम मात्र त्यांना कळणार नाही? पत्र्याचं बघा. ड्रिलचं भोक पत्र्याच्या नळीच्या (लाटेच्या) शिखरावर आहे की खोबणीत, हे खालून उभं राहून दिसतं. खोबणीत भोक पाडलं की पाणी तिथूनच आत येतं. जे-बोल्टला डांबरी वॉशर आहे का, शेजारच्या पत्र्यावर दीड नळी चढली आहे का, खालच्या पत्र्यावर वरचा सहा इंच आला आहे का. एवढ्या चार गोष्टी बघायला इंजिनियर लागत नाही.

गवंडीकाम

लागत नाही. जुने पत्रे सिमेंटचे असतील तर पाचवी गोष्ट घाला: ते फोडायचे, कापायचे नाहीत. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, धूळ फुप्फुसात जाते. ओले करून अख्खे उतरवायचे.

तिसरा_हप्ता

पत्र्याची यादी मी छापील करून देतो. पण थकबाकीचं अजून कुणी बोललं नाही. हप्ता चुकला तर जामीनदारीण भरते, हे कागदावर. प्रत्यक्षात ती शेजारीण असते आणि भांडण नळावर होतं. बान मनकाँगसारखी गंगाजळी काढायची तर एक टक्क्यातला किती भाग बाजूला ठेवायचा? माझं म्हणणं पाव टक्का, आणि तो बचतीवरच्या लाभांशात कधीच वाटायचा नाही.

एकजूट

पाव टक्का वर्षाला तीन टक्के होतो. येणे कर्ज अडीच लाख असेल तर साडेसात हजार. दोन घरांचे दोन-दोन हप्ते चुकले तर ५,६४८, एवढे त्यातून भागतात. आजारपणात चालेल. पण तिसरं घर गावाला निघून गेलं तर?

खतावणी

तर त्याच्या बचतीतून वळतं करायचं, आणि हे कर्ज देतानाच्या ठरावात लिहून त्याची सही घ्यायची. बचतीच्या तिप्पटीहून जास्त कर्ज नाही, हा नियम त्यासाठीच असतो. त्या पोस्टमध्ये तिसऱ्या महिन्यात, ९०० रुपयांच्या बचतीवर, तीस हजार दिले जात होते.

एकजूट

तीस हजारांचा आकडा पोस्टमधून काढतो. इच्छेचं वाक्यही काढतो. तीनशे रुपये राहू दे.