मदत हवी आहे: सुधारित चुलींवरचा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, तीन शाखांचे डेटाबेस आणि एक सर्च स्ट्रिंग

धुराडं
नमस्कार मंडळी. सुधारित चुली आणि एलपीजी यांच्या परिणामांवर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (ठरलेल्या पद्धतीने सगळे अभ्यास शोधून घेतलेला आढावा) चालू आहे. आम्ही तिघे: एक कम्युनिटी मेडिसिनची, एक समाजकार्याचा, मी मेकॅनिकलचा. प्रश्नही तीन: न्यूमोनिया आणि जन्मवजनात फरक पडतो का, घरोघरी नवी चूल खरंच वापरली जाते का, धूर किती घटतो. अडचणी अशा:

१. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमध्ये चूल, आजार, वापर, उत्सर्जन असे शब्दांचे चारही गट 'अँड'ने जोडले तर जेमतेम काहीतरी हाती लागतं. 'ऑर' टाकला तर हजारोंचा ढीग.
२. तीच सर्च स्ट्रिंग (शोधशब्दांची साखळी) स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सर्वविषयी डेटाबेसमध्ये चिकटवली की आकड्यांचा मेळच बसत नाही.
३. कॉलेजकडे एम्बेस (वैद्यकीय डेटाबेस) नाही, आयट्रिपलई एक्सप्लोअर (इंजिनिअरिंगचा डेटाबेस) आहे. चालेल?
४. सगळं एकाच मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे सगळ्या अभ्यासांचे आकडे जोडून काढलेल्या एका निकालात, बसवा असं गाइडचं म्हणणं. बसेल का?

पोथीनिशी
पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहिते.

आजार, वापर, उत्सर्जन हे गट स्ट्रिंगमधून काढूनच टाका. ज्या पेपरच्या गोषवाऱ्यात न्यूमोनिया हा शब्द नाही पण आतल्या तक्त्यात आकडे आहेत, तो 'अँड'मुळे कायमचा हुकतो. दोनच गट ठेवा: एक चूल-इंधनाचा, दुसरा घर-स्वयंपाकाचा. आजार का वापर का धूर, ही वाटणी स्क्रीनिंग (शीर्षकं-गोषवारे वाचून निवड) करताना करा. ढीग मोठा होईल, पण त्याला इलाज नाही.

चुलीच्या गटात खरी मेहनत आहे. कुकस्टोव्ह जोडून, तोडून आणि हायफनने, तिन्ही प्रकारे घ्या. चूल हा शब्द रोमनमध्ये किमान चार स्पेलिंगनी छापला जातो. पूर्व आफ्रिकेत जिको, ग्वाटेमालात प्लांचा. शिवाय सॉलिड फ्युएल, बायोमास फ्युएल, हाउसहोल्ड एअर पोल्युशन आणि जुन्या पेपरांसाठी इनडोअर एअर पोल्युशन. पबमेडमध्ये मेश हेडिंग (पेपरांना लावलेले ठरावीक विषयशब्द) जरूर घाला, पण फक्त त्यावर राहू नका. अगदी ताज्या नोंदींना हेडिंग लागलेलं नसतं, म्हणून तेच शब्द शीर्षक-गोषवाऱ्याच्या टॅगनेही (नोंदीत कुठे शोधायचं ते सांगणारी खूण) शोधा.

टॅग विसरलात तर गंमत होते. रोमनमध्ये चुला लिहून पुढे तारा (शब्दाचा शेवट काहीही चालेल, ही खूण) लावला आणि टॅग दिला नाही, तर पबमेड लेखकांचे पत्तेसुद्धा धुंडाळतं आणि बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठाचे पेपर धो धो येतात.

आकडे न जुळण्याचं मुख्य कारण कंस. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं. स्कोपस 'ऑर' आधी सोडवतं, वेब ऑफ सायन्स 'अँड' आधी. प्रत्येक 'ऑर' गटाला स्वतःचा कंस दिला की हा घोळ मिटतो. दोन शब्द एकमेकांजवळ असावेत असं सांगणारी खूणही निराळी: स्कोपसमध्ये डब्ल्यू-तिरपी रेघ-आकडा, वेब ऑफ सायन्समध्ये निअर-तिरपी रेघ-आकडा. स्ट्रिंग वर्डमध्ये लिहू नका, तिथे अवतरणचिन्हं वाकडी होतात. साधं नोटपॅड बरं.

शेवटची चाचणी: हमखास यायलाच हवेत असे दहा-पंधरा पेपर निवडा, त्यांचे पीएमआयडी (पबमेडचे नोंद क्रमांक) 'ऑर'ने जोडा आणि पुढे 'नॉट' लावून तुमची स्ट्रिंग टाका. जे उरतील ते तुमच्या स्ट्रिंगने गमावलेले. ते उघडून कोणता शब्द राहिला ते पाहा.

रानवारा
३ बद्दल. आयट्रिपलईवर वेळ घालवू नका, तिथे सेन्सरचे थोडे पेपर सोडले तर लाकडाच्या चुलीचं फारसं काही नाही. चुलीचं इंजिनिअरिंग ऊर्जा आणि पर्यावरणाच्या जर्नलांत छापतं, ते स्कोपसमध्ये येतं. एम्बेस नसल्याचं मर्यादांमध्ये सरळ लिहा.

समाजशास्त्राच्या बाजूला वर्किंग पेपर (जर्नलमध्ये छापण्याआधीचे मसुदे) महत्त्वाचे, त्यासाठी रेपेक (अर्थशास्त्राचे पेपर) आणि थ्री-आय-ई (विकास कार्यक्रमांची मूल्यमापनं) चं पोर्टल, दोन्ही फुकट. गूगल स्कॉलर पूरक म्हणूनच घ्या, तो पहिल्या हजारापलीकडे काही दाखवत नाही. किती निकाल पाहणार ते प्रोटोकॉलमध्ये आधीच ठरवा.

स्कोपसमधून एक्सपोर्ट करताना गोषवाऱ्याची चौकट टिक करा, नाहीतर रय्यान या स्क्रीनिंगच्या साधनात नुसती शीर्षकं दिसतील.

झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने डुप्लिकेट काढाल, पण तेवढ्याने भागत नाही. हॅना, डुफ्लो, ग्रीनस्टोन यांचा ओडिशातला चुलींचा प्रयोग २०१२ मध्ये एनबीईआर या अमेरिकी अर्थशास्त्र संस्थेचा वर्किंग पेपर म्हणून आला आणि २०१६ मध्ये जर्नलमध्ये. नोंदी दोन, अभ्यास एक. ग्वाटेमालाच्या रिस्पायर या चुलींच्या चाचणीचं उलट: २०११ चा न्यूमोनियाचा पेपर वेगळा, रक्तदाबाचा वेगळा, चाचणी तीच. म्हणून एक्सेलमध्ये नोंद क्रमांक आणि अभ्यास क्रमांक असे दोन रकाने ठेवा. प्रिझ्मा २०२० या रिव्ह्यू-लेखनाच्या नियमावलीच्या आकृतीतही रिपोर्ट आणि स्टडी वेगवेगळे मोजायचे असतात.

दशांशचिन्ह
४: नाही बसणार, आणि बसवूही नये.

प्रयोगशाळेत चुलीचं उत्सर्जन मिलिग्रॅम प्रति मेगाज्यूलमध्ये येतं. स्वयंपाकघरातलं पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये. अंगावर मॉनिटर लावून मोजलेलं तिसरंच. पहिला चुलीचा गुण, दुसऱ्यात खिडकी-छप्पर आलं, तिसऱ्यात ती बाई चुलीपाशी किती वेळ होती ते आलं. तिन्हींचे स्वतंत्र तक्ते करा.

एकाच प्रकारात जोडतानाही धुराचे आकडे एका बाजूला कललेले असतात. सरासरीतला फरक घेऊ नका, लॉगवर जाऊन गुणोत्तर काढा. कोणी मीडियन देतं, कोणी जिऑमेट्रिक मीन, जे दिलं ते जसंच्या तसं रकान्यात नोंदवा. २४ तास मोजलं की ४८, तेही.

क्लस्टर चाचणीत (जिथे एकेक माणूस नाही, अख्खी गावं गटांत वाटतात) ठेच लागते. २० गावांत मिळून ४०० जण, म्हणजे गावागणिक २०, आणि आयसीसी (एका गावातले लोक एकमेकांसारखे असण्याचं माप) ०.०५ धरला तर डिझाइन इफेक्ट (नमुनासंख्येला ज्याने भागायचं तो आकडा) १ + १९ × ०.०५ = १.९५. खरी नमुनासंख्या ४०० नाही, जेमतेम २०५. लेखकांनी हिशेबात धरलं नसेल तर तुम्ही भागा, नाहीतर त्या अभ्यासाला फुकटचं वजन मिळतं. मलावीची कॅप्स चाचणी क्लस्टरची, हॅपिन (एलपीजीची चाचणी) मात्र व्यक्तीनिहाय, तिथे हा भागाकार करायचा नाही.

तिन्ही धागे जुळतात ते चर्चेत. हॅपिनमध्ये एलपीजीवाल्या गरोदर बायकांचा पीएम २.५ मीडियन सुमारे २४, चूलवाल्यांचा सुमारे ७०, तरी जन्मवजनात फरक दिसला नाही. ओडिशात पहिल्या वर्षी धूर घटला आणि पुढे परिणाम विरला, कारण चुली नीट वापरल्या-राखल्या गेल्या नाहीत. एकीकडे वापर होऊनही परिणाम नाही, दुसरीकडे वापरच टिकला नाही. दोन्ही एकाच सरासरीत घातले तर हा फरकच दिसेनासा होतो. गाइडना हे दोन अभ्यास शेजारी ठेवून दाखवा.

अभ्यासांची गुणवत्ता तपासायची साधनं: यादृच्छिक चाचण्यांना रॉब-२, बाकीच्या हस्तक्षेप-अभ्यासांना रॉबिन्स-आय, मुलाखतींना जेबीआयची यादी.

धुराडं
गाइडना दाखवतो. एकच राहिलं: प्रोस्पेरोत (रिव्ह्यूंची आगाऊ नोंदणी करायचं संकेतस्थळ) नोंदणी तिन्ही प्रश्नांची होईल का?

पोथीनिशी
प्रोस्पेरोला आरोग्याशी थेट जोडलेला परिणाम लागतो, तुमच्याकडे न्यूमोनिया आणि जन्मवजन आहेत. नुसत्या चुलीच्या कार्यक्षमतेचा रिव्ह्यू तिथे बसणार नाही. पूर्ण प्रोटोकॉल ओएसएफ या खुल्या संकेतस्थळावर टाका, प्रोस्पेरोच्या अर्जात त्याची लिंक द्या. दोन्ही स्क्रीनिंगच्या आधी उरका.