स्मॉलटॉक शिकायचंय? फारो घ्या

नेरूळच्या ताई, जावा येतं, आता स्मॉलटॉक ही प्रोग्रामिंगची भाषा कुठून सुरू करू, असं तुम्ही विचारलंत. सरळ फारो, म्हणजे स्मॉलटॉक लिहायचं-चालवायचं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं. प्लेग्राउंडमध्ये, म्हणजे कोड लिहून लगेच चालवून बघायच्या खिडकीत, ३ + ४ * २ लिहून चालवा. उत्तर ११ नाही, १४ येईल! कारण + आणि * हे आकड्यांना पाठवलेले संदेश, आणि ते डावीकडून क्रमाने जातात. इफ, म्हणजे ‘असं असेल तर’ ही अट, तीसुद्धा संदेशच, ट्रू (खरं) किंवा फॉल्सला (खोटं) पाठवलेला. हे डोक्यात बसलं की निम्मी लढाई जिंकलात. मग मुद्दाम नसलेली मेथड (संदेश आल्यावर चालणारा कोड) बोलवा, चूक झाली म्हणून उघडणाऱ्या डीबगरच्या खिडकीतच ती लिहा आणि प्रोग्राम तिथूनच पुढे चालवा. मला तर या भाषेचं वेड इथेच लागलं. उठण्यापूर्वी इमेज, म्हणजे तुमचं सगळं काम जिच्यात राहतं ती फाइल, मात्र आठवणीने सेव्ह करा. रविवारी ठाण्याला येणं जमत असेल तर सांगा, सोबत बसू.