शाळेच्या लॅबसाठी सर्व्हर: विंडोज टाकू की लिनक्स?

गणिताचे_सर:
नमस्कार मंडळी. आमची तालुक्यातली शाळा, पाचवी ते दहावी. लॅबमध्ये १८ कॉम्प्युटर, सगळे ४ जीबी रॅमचे आणि विंडोज १० होमवाले. माजी विद्यार्थ्यांनी एक जुना डेस्कटॉप दिलाय, ८ जीबी रॅम, १ टीबीच्या दोन हार्डडिस्क, त्याचाच सर्व्हर करायचाय. गरज फार मोठी नाही, पोरांच्या फायली एका जागी राहाव्यात एवढंच, कारण आत्ता पोरगं ज्या मशीनवर बसेल तिथेच फाईल राहते आणि पुढच्या तासाला दुसरं कोणीतरी ती उडवतं. मागच्या आठवड्यात आठवीतल्या एका मुलीचा प्रकल्प असाच गेला, रडत बसली होती बिचारी. शिवाय नेट नसताना विकिपीडिया दिसला तर फारच छान. कॉम्प्युटरवाला म्हणतो विंडोज सर्व्हरच घ्या, सगळ्यांना येतं. लिनक्स मला जुजबी येतं. लाईट रोज जाते.

लॅब_सांभाळणारा:
सर, आधी एक गोष्ट बघा, विंडोज होम डोमेनला (म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशीनचे लॉगिन एकत्र सांभाळायची विंडोजची सोय) जोडताच येत नाही, त्याला प्रो लागतं. म्हणजे विंडोज सर्व्हरचं लायसन, त्यावर युजर किंवा मशीनमागे कॅल (सर्व्हर वापरायचा वेगळा परवाना), आणि वर १८ मशीन प्रो करायचा खर्च, आणि एवढं करून तुम्हाला हवंय काय तर एक शेअर्ड फोल्डर! डेबियन १३ टाका, म्हणजे फुकट मिळणारं एक लिनक्स, त्यातला खिडक्या-आयकॉनवाला डेस्कटॉप न टाकता, ८ जीबी रॅम भरपूर झाली. ते ऑगस्ट २०२५ ला आलंय, एलटीएस (नंतरचा लांबवलेला सपोर्ट) धरून २०३० पर्यंत अपडेट मिळतील. वर सांबा बसवा, ते लिनक्सवरची फोल्डरं विंडोजला दाखवतं, प्रत्येक पोराला आपापलं फोल्डर द्या, विंडोजमधून ते नेहमीच्या नेटवर्क ड्राइव्हसारखंच दिसतं. विकिपीडियासाठी किविक्स, ते नेटशिवाय विकिपीडिया दाखवतं, मराठीची फाईल एकदा उतरवून ठेवली की झालं. दोन्ही डिस्क रेड १ मध्ये लावा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहतो, पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे हं, पोराने फाईल डिलीट केली की ती दोन्हीकडून जाते. त्यासाठी रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या.

बाईंचा_संगणक_तास:
वरचं सगळं पटतं पण मी वेगळं विचारते, तुम्ही रजेवर असताना सर्व्हर बंद पडला तर कोण बघणार? आमच्याकडे एका हौशी सरांनी फार सुंदर सेटअप केला होता, ते गेले आणि पासवर्डही त्यांच्याबरोबर गेला, दोन वर्षं ती पेटी नुसती धूळ खात होती. वहीत लिहून ठेवा सर, सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), पासवर्ड, पोरगं नवीन आलं तर कुठली कमांड द्यायची, आणि ती वही मुख्याध्यापकांच्या कपाटात. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं लिनक्स चालतंय ते तिथल्या शिक्षकांना रीतसर ट्रेनिंग दिलं म्हणून.

लॅब_सांभाळणारा:
बाई बरोबर बोलल्या. आणि यूपीएस घेताना यूएसबी पोर्टवाला घ्या, नट नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःच नीट बंद होतो. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, तेव्हा दोन मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकून पोरांना रुळू द्या, मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आहेच.

गणिताचे_सर:
खूप आभार दोघांचे. डेबियनच टाकतो, दिवाळीच्या सुट्टीत बसतो. सुरुवात फक्त आठवीच्या वर्गापासून करणार. एकच शंका, नेटवर्कचा स्विचही (सगळे कॉम्प्युटर सर्व्हरला जोडणारी पेटी) यूपीएसवरच लावू ना? नाहीतर सर्व्हर चालू आणि स्विच बंद असं व्हायचं.

लॅब_सांभाळणारा:
हो, लावा की, स्विच वीज फार खात नाही. मॉनिटर मात्र त्यावर नको.