प्रतिसाद: लेबल भलत्याच शिखरावर का दिसतं?

वर कोणीतरी म्हटलंय की एआर (म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या दृश्यावर नावं दाखवणाऱ्या) अ‍ॅपमध्ये लांबच्या डोंगराचं नाव शेजारच्या शिखरावर चिकटतं ते जीपीएसमुळे. जीपीएस चुकतो हे मान्य, पण इथे बिचाऱ्याचा दोष नाहीये. पाच मीटरने जागा चुकली तर वीस मीटरवरच्या पाटीचं लेबल चांगलं चौदा अंशाने सरकू शकतं, पण दहा किलोमीटरवरच्या शिखरासाठी तीच चूक जेमतेम ०.०३ अंश, म्हणजे दिसणारही नाही. लांबच्या वस्तूंना खरा दगा देतो तो फोनमधला होकायंत्राचा सेन्सर. तो एक अंशाने हलला की दहा किलोमीटरवर १७५ मीटरचा फरक पडतो आणि पाच-दहा अंश चुकणं तर त्याच्यासाठी किरकोळ आहे, त्यात मॅग्नेटवालं कव्हर असेल किंवा तुम्ही लोखंडी रेलिंगला टेकून उभे असाल तर विचारूच नका. आणि गंमत म्हणजे लांबचं नीट बघायला झूम करावं तर फ्रेम इतकी अरुंद होते की लेबल स्क्रीनच्या बाहेरच जातं.

फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवून थोडा फरक पडतो, पण मी ज्या अ‍ॅपमध्ये सोय असेल तिथे सरळ एखादं ओळखीचं शिखर नाहीतर टॉवर धरून स्क्रीनवर आखलेली क्षितिजरेषा बोटाने सरकवून जुळवते, म्हणजे आजूबाजूची बाकीची नावं आपोआप जागेवर येतात. फक्त त्याच जागी उभं राहून परत दुसरीकडे वळलात तर एकदा तपासून घ्या, जायरो (फोन किती वळला ते मोजणारा सेन्सर) हळूहळू सरकतोच.