मदत हवी आहे: भारतीय कंपनीची नोकरी ठेवून स्पेन की पोर्तुगाल?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटा आर्किटेक्ट आहे. काम पूर्णपणे घरून चालतं. नवरा फिजिओथेरपिस्ट, मुलगी तिसरीत. नोकरी न सोडता काही वर्षं युरोपात राहावं, असं आम्हा दोघांच्या मनात आहे. मॅनेजर तोंडी हो म्हणालेत, एचआरचं लेखी उत्तर यायचंय. यूट्यूबवर जे दिसतं ते बहुतेक अमेरिकन पासपोर्टवाल्यांसाठी आहे. भारतीय पासपोर्ट, भारतीय मालक, रुपयातला पगार आणि सोबत कुटुंब, अशा माणसाने काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही.

बाकीचे देश मी बाजूला ठेवलेत. जपानच्या डिजिटल नोमॅड व्हिसाला (दुसऱ्या देशातली नोकरी ऑनलाइन करत राहणाऱ्यांसाठीचा व्हिसा) पात्र देशांच्या यादीत भारत नाही. थायलंडचा डीटीव्ही हा असाच व्हिसा पाच वर्षांचा आहे, पण एका वेळी १८० दिवस राहता येतं आणि त्यातून पुढे कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. एस्टोनियाचा जास्तीत जास्त वर्षभराचा. मुलीची शाळा दरवर्षी बदलायची नाही, म्हणून उरले स्पेन आणि पोर्तुगाल.

स्पेनचा व्हिसा डिसेंबर २०२२ च्या स्टार्टअप कायद्यातून आला. उत्पन्न किमान वेतनाच्या दुप्पट लागतं, पहिल्या अवलंबितासाठी आणखी ७५ टक्के, पुढच्या प्रत्येकासाठी २५ टक्के. २०२५ च्या वेतनाने हिशोब केला तर आम्हा तिघांना महिना साधारण ४,१४४ युरो. पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, कंपनी किमान वर्षभर जुनी, त्या कंपनीतली नोकरी किमान तीन महिन्यांची. इथवर सगळं जुळतं. पोर्तुगालच्या डी८ या अशाच व्हिसासाठी किमान वेतनाच्या चौपट, म्हणजे २०२५ मध्ये ३,४८० युरो, शिवाय कुटुंबाची वेगळी तजवीज.

मी अडले आहे ती सामाजिक सुरक्षेवर. नोकरदाराकडे स्पेन एक दाखला मागतं: याचा विमा आणि पेन्शन मायदेशी चालू आहे, असा. आपल्याकडे असा दाखला पीएफ कार्यालय देतं, पण ज्या देशांशी करार आहे त्यांच्यासाठीच. त्या यादीत पोर्तुगाल आहे, स्पेन मला सापडला नाही. मग भारतीय कंपनीचे पगारी नोकर स्पेनला जातात तरी कसे?

दुसरं, सासू-सासरे साताऱ्याला असतात. दोघंही सत्तरी ओलांडलेले. दरवर्षी तीन-चार महिने त्यांच्याजवळ राहायचं, हे आमचं ठरलेलं आहे आणि त्यात बदल होणार नाही. याचा परमिटवर काय परिणाम होतो?

कृपया स्वतः या वाटेने गेलेल्यांनी किंवा कागदपत्रं हाताळलेल्यांनी लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी व्हॅलेन्सियात राहतो. तुमची शंका बरोबर आहे. करार नसेल तर दोन वाटा उरतात. एक, तुमच्या कंपनीने स्पेनच्या सामाजिक सुरक्षेत मालक म्हणून नोंदणी करायची आणि तिथला हप्ता भरायचा. कंपन्या याला सहसा तयार होत नाहीत. दुसरी, नोकरी सोडून त्याच कंपनीचं काम फ्रीलान्स कंत्राटावर घ्यायचं आणि इथे 'आउतोनोमो' (स्वयंरोजगारी) म्हणून नोंद करायची. मी दुसरी वाट धरली. पीएफ थांबला, रजा गेल्या. ग्रॅच्युइटीचा हिशोब राजीनाम्याच्या आधी मांडा.

तुमच्या यजमानांना इथे काम करण्याची परवानगी तुमच्यासोबतच मिळेल. पण फिजिओथेरपी हा इथे नियंत्रित व्यवसाय आहे. पदवीला स्पेनची मान्यता मिळेपर्यंत ते रुग्ण तपासू शकणार नाहीत, आणि ती मिळायला फार वेळ लागतो. सगळा संसार एका पगारावर चालणार असं धरून निघा.

प्रतिसाद २

मी सीए आहे. एचआर गप्प का, ते सांगते. त्यांचा माणूस परदेशात बसून काम करू लागला की तिथलं सरकार म्हणू शकतं की कंपनीचं इथे कायम आस्थापन आहे, तेव्हा नफ्यावर कर भरा. सही करण्याचा किंवा सौदे ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे असेल तर ही भीती खरी आहे. नसेल, तर तसं कंत्राटात स्पष्ट लिहून घ्या. यानेच पुष्कळदा परवानगी सुटते.

तुमचा स्वतःचा कर: वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की स्पेनच्या दृष्टीने तुम्ही रहिवासी. त्यांचं वर्ष जानेवारीपासून, आपलं एप्रिलपासून. त्यामुळे जाण्याचा महिना विचार करून ठरवा. पात्र असलात तर पगारावर २४ टक्के दराने कर घेणारी सवलतीची योजना आहे, जाण्याचं वर्ष धरून सहा वर्षं. तिची मुदत चुकवू नका, कारण नंतर मागता येत नाही. पोर्तुगालची नव्या रहिवाशांसाठीची जुनी करसवलत योजना, एनएचआर, मात्र २०२४ पासून नव्यांसाठी बंद झाली, हे जुन्या व्हिडिओंत सापडणार नाही.

प्रतिसाद ३

पोर्तुगालहून लिहितोय. पीएफचा दाखला मुळात मालकाने परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी असतो आणि अर्ज मालकानेच करायचा असतो. 'ती स्वतःच्या मर्जीने गेली' असं पत्र एचआरने दिलं तर गाडी तिथेच अडते. पत्रातला मजकूर आधी ठरवा. डी८ वर आल्यावर रहिवासी कार्ड आयमा या इमिग्रेशन संस्थेकडून मिळतं. सेफ हे जुनं सरकारी खातं ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद करून आयमा सुरू झाली, आणि साचलेली प्रकरणं तिच्याकडे आली. भेटीची तारीख मिळायला उशीर होतो, तेवढ्या काळाचे पैसे हाताशी ठेवा.

एक वेगळा प्रश्न: तुमच्या दोघांपैकी कुणाचे आई-वडील किंवा आजी-आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले आहेत का? असतील तर पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग निराळा आहे. पण ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, म्हणून घाईने हो म्हणू नका.

प्रतिसाद ४ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. गोव्याशी आमचा संबंध नाही, दोन्ही घरं घाटावरची. फ्रीलान्सची वाट मला नको आहे. दहा वर्षांहून जास्त नोकरी झाली आहे आणि मुलीचा आरोग्य विमाही कंपनीचाच आहे. त्यामुळे कल पोर्तुगालकडे झुकतोय.

साताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मी स्वतः शोधत होते. युरोपीय संघाच्या दीर्घकालीन रहिवासी दर्जासाठी पाच वर्षं सलग वास्तव्य लागतं, आणि त्या पाच वर्षांत बाहेर राहण्याची मर्यादा एका वेळी सहा महिन्यांपेक्षा कमी, एकूण दहा महिने. आम्ही दरवर्षी चार महिने साताऱ्याला राहिलो तर वीस महिने होतात. म्हणजे तो दर्जा आमच्या हाती लागणार नाही. ते मला चालेल. सासू-सासऱ्यांचे महिने मी कमी करणार नाही.

आता एवढंच विचारते. दीर्घकालीन दर्जा सोडून दिला आणि फक्त परमिट नूतनीकरणावर राहायचं ठरवलं, तर वर्षातले चार महिने बाहेर असलेल्या कुणाचं डी८ कार्ड नव्याने मिळालं आहे का? आणि बाहेर राहण्याचं कारण म्हणून आजारी आई-वडिलांचे वैद्यकीय कागद लावले असतील, तर ते इथूनच अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून न्यावे लागले का? एचआरसाठीच्या पत्राचा मसुदा मी या आठवड्यात लिहिते आहे. कुणाकडे मंजूर झालेला नमुना असेल तर नाव-गाव खोडून निरोपातून पाठवा.